आबांनी भोक पाडलेलं तुरुंगाचं चित्र

सन एकोणीसशे पंच्याण्णव. मला सत्तावन्न पूर्ण होऊन अठ्ठावन्नावं लागलं होतं. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, तीही नापास. पण दगडावर उलटी अक्षरं लिहिण्यात अख्ख्या अफझलगंजात माझ्या तोडीचा माणूस नव्हता, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. तेव्हा उर्दू पुस्तकं दगडावरून छापायची. लिहिणारा कागदावर लिहायचा, तो कागद दगडावर दाबला की अक्षरं उलटी उमटायची, आणि त्यात काही पुसलं, चुकलं, फाटलं तर तिथंच दगडावर उलटं लिहून दुरुस्त करायचं. ते काम माझं. त्याला संगसाज म्हणतात.

त्या वर्षी आमच्या मालकाने सगळे दगड मागच्या अंगणात टाकून दिले आणि टेबलावर कॉम्प्युटर आणून ठेवला. मला म्हणाला, "चाचा, सीख लेव. आठ दिन का काम है."

मी म्हटलं, "मी उलटं लिहायला शिकलो त्याला आठ वर्षं लागली. आठ दिवसांत येतं ते काम माझं नव्हे." चप्पल घातली आणि गौलीगुड्यातल्या माझ्या दोन खोल्यांत येऊन बसलो. सगळा मुलूख नव्या वस्तूंच्या मागे धावत होता. मला कुठेच धावायचं नव्हतं.

असा रिकामा बसलेला असताना पेपरात वाचलं की शहरातला जुना तुरुंग रिकामा केला, कैदी गावाबाहेरच्या नव्या तुरुंगात नेले, आता जुनी इमारत पाडणार. पाडण्याआधी दोन दिवस, ज्यांच्या घरचे लोक निजामाच्या राजवटीत आत होते त्यांना आत जाऊन बघता येईल. मी पेपर घडी करून खिशात घातला आणि ट्रंकेतून आबांचं चित्र काढलं.

आबा म्हणजे माझे वडील. पुस्तकं बांधायचे. त्याच छापखान्यात, जिथं पुढे मी लागलो. निजामाविरुद्धची पत्रकं त्यांनी दुमडली आणि शिवली, तेवढ्यावरून त्यांना उचललं. चौदा महिने आत होते. मी दहा वर्षांचा. आत त्यांना कामही तेच दिलं, पुस्तकं बांधायचं. तुरुंगाच्या कचेरीतलं एक जुनं इंग्रजी पुस्तक दुरुस्तीला आलं. त्याची पानं सुटली होती, आणि त्यात एक चित्र होतं, त्याच तुरुंगाचं. आबा बसले होते त्या तुरुंगाचंच चित्र त्यांच्या मांडीवर. ते पान त्यांनी ठेवून घेतलं आणि पुस्तक त्या पानावाचून बांधून दिलं. आयुष्यात त्यांनी केलेली चोरी एवढीच.

चित्र वीतभर रुंद, सहा बोटं उंच. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरून त्यावरून छापलेलं. मी छापखान्यातला माणूस, पण असं काम मी दुसरं पाहिलं नाही. त्यात शाईचा डाग म्हणून नाही, सगळ्या रेघाच. आकाश रेघांचं. ढग रेघांचे. काळोखसुद्धा रेघांवर आडव्या रेघा मारून विणलेला, जसा कोष्टी कापड विणतो. एकदा मी नखाएवढ्या जागेत रेघा मोजायला बसलो आणि डोळ्यांतून पाणी आल्यावर सोडून दिलं. मधे लांबलचक दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर एका ओळीत अकरा खिडक्या, एका टोकाला बाहेरून चढणारा दगडी जिना. आणि इमारत एवढी उंच दाखवलेली की ढग तिला टेकलेत. पुढे छत्रीवाला एक साहेब, मुंगीएवढा, आणि त्याच्या पायाशी त्याचं कुत्रं, ते तर मुंगीच्या पायाएवढं. पण कुत्र्याने शेपटी वर केलेली दिसते. ज्याने ते कोरलं त्याच्या हाताला मी मनातल्या मनात कितीदा नमस्कार केला असेल.

वरच्या ओळीत, डावीकडून तिसऱ्या खिडकीवर आबांनी पुस्तक शिवायच्या आरीने भोक पाडलं होतं. सुटून आले तेव्हा चित्र सदऱ्याच्या अस्तरात होतं. मायने विचारलं, "हे भोक कशाचं?" ते म्हणाले, "इथं होतो मी." पुढे काही नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. ते आत होते तेव्हा माय दर शुक्रवारी आम्हा दोघांना, मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, घेऊन तुरुंगाच्या बाहेर जाऊन उभी राहायची. भेट मिळत नव्हती. पण भिंतीच्या उजव्या टोकाला, रस्ता वळतो तिथं, चिंचेचं झाड होतं, आणि तिथून भिंतीवरून खिडक्यांची वरची ओळ दिसायची. माय तिथं तासभर उभी राही, वर बघत. कुठल्या खिडकीत आबा आहेत ते तिला ठाऊक नव्हतं. आबा सुटून आल्यावर तिने विचारलं, "आम्ही दिसायचो का हो?" आबा उठून बाहेर गेले. पुन्हा विचारलं की पुन्हा उठून बाहेर. मरेपर्यंत सांगितलं नाही. आणि माय गेली तेव्हा, अगदी शेवटच्या आठवड्यात, तोंडात पाणी जात नव्हतं तरी अक्काला विचारत होती, "दिसत होतो का गं आपण त्यांना?"

अक्का म्हणायची, दिसत होतो. मी म्हणायचो, नाही. माझ्याकडे चित्र होतं. भोक डावीकडच्या खिडकीला. चिंच उजव्या टोकाला. डाव्या बाजूला भिंतीच्या आत कारखान्याचे पत्रे होते, ते बाहेरूनही दिसायचे. डावीकडच्या खिडकीतून पत्र्यांशिवाय काय दिसणार? चाळीस-पंचेचाळीस वर्षं हाच वाद. दिवाळीला भांडलो, तिच्या पोरीच्या लग्नात भांडलो. ती म्हणायची, "तुझ्या कागदापेक्षा मला माझ्या बापाचं तोंड जास्त कळतं." मी म्हणायचो, "तोंड बोललं असतं तर कागद कशाला लागला असता?"

एकदा तर खात्री करायला मी अफझलगंजच्या वाचनालयात गेलो. तिथल्या माणसाने मोठं जाड पुस्तक काढून दिलं, देशोदेशींच्या जुन्या तुरुंगांच्या चित्रांचं. दिवसभर मी पानं उलटत बसलो, जेवायला उठलो नाही. काय ते तुरुंग. कमानीवर कमानी, कमानीतून लोंबणाऱ्या साखळ्या, समुद्रातून वर आलेल्या भिंती, खडकावर बसवलेले बुरूज. भिंती सगळ्या डोंगराएवढ्या आणि माणसं तिळाएवढी. एकाही कैद्याला तोंड नाही. आणि एक गोष्ट ध्यानात आली. चित्र काढणारा नेहमी बाहेर उभा, नाही तर खाली. खिडकीच्या आतून बाहेर काय दिसतं, ते एकाही चित्रात नव्हतं.

वाचनालयातला माणूस माझा कागद बघून म्हणाला, "जुन्या चित्रांवर फार विसंबू नका." मला राग आला. चित्राखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या, बारीक, सुबक, सरळ. आमच्या धंद्यात अक्षर सुलटं आलं की पान सुलटं. मी म्हटलं, "तुम्ही पुस्तकं सांभाळता. छपाई मला कळते."

तर पेपर घेऊन मी दिलसुखनगरला अक्काकडे गेलो. ती मुलाकडे राहायची, तिसऱ्या मजल्यावर, खाली शिकवणीचे वर्ग आणि दिवसभर पोरांचा गलका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हती. आमच्या घरात हट्ट सगळ्यांना सारखा वाटून दिलेला आहे.

"उद्या येतेस?" मी विचारलं.

"कशाला? तू बरोबर होतास हे दाखवायला?"

"हो."

"मग येते. पण एक सांगते. तिथं जाऊन पत्रे दिसले तर मी पुन्हा बोलणार नाही. आणि झाड दिसलं तर तू सगळ्यांसमोर म्हणायचं, अक्काचं खरं."

"झाड नाहीच दिसणार."

"तोंड बघ याचं. आजोबा झाला तरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रिक्षाने गेलो. बाहेर रांग होती. आमच्यासारखीच म्हातारी माणसं, कुणाच्या हातात फोटो, कुणाच्या हातात हार. आत प्रत्येकाबरोबर एक शिपाई देत होते, अर्ध्या तासासाठी. आमच्या वाट्याला पंचविशीतला एक पोरगेला शिपाई आला, हातात किल्ल्यांचा जुडगा.

दिंडीतून वाकून आत गेलो आणि मी थांबलो. चित्रात जी इमारत ढगांना टेकली होती, ती आमच्या छापखान्याच्या गल्लीतल्या कुठल्याही जुन्या इमारतीएवढी होती. साधी दुमजली. चुना उडालेला. कोरणाऱ्याने तिला चौपट करून ठेवलं होतं. पण मागे वळून बघितलं तर जी भिंत चित्रात कमरेएवढी होती, ती आतून खरंच आभाळाला लागलेली. बाहेरून इतकी वर्षं बघितलेली तीच भिंत. आत उभं राहिल्यावर भिंत वाढते, हे कुठल्या कारागिराने कोरावं? अक्का माझा दंड धरून उभी होती. तिला दिसत नव्हतं तरी म्हणाली, "इथं आवाज वेगळा येतो रे. विहिरीत उभं राहिल्यासारखा."

मग मी जिना बघितला. चित्रात तो डाव्या टोकाला होता. इथं उजव्या. मी शिपायाला विचारलं, "ये जीना कब बदले?"

"बदलेंगे कैकू चाचा? पत्थर का है. शुरू से इधरीच है."

मी मनात म्हटलं, या पोराला काय ठाऊक. मधे कधीतरी पाडून इकडे बांधला असेल. विलायती कारागीर जिना चुकवणार नाही.

वर चढलो. लांब काळोखी व्हरांडा, एका बाजूला ओळीने दारं. माझ्या हिशेबाने खोली डाव्या टोकाकडची, म्हणजे सगळा व्हरांडा चालत जायचा. अक्काचे गुडघे धड नव्हते. ती दर दारापाशी थांबायची, दाराला हात लावायची, पुढे जायची. डावीकडून तिसऱ्या दाराशी आलो. शिपायाने उघडलं. खोली अशी की मी हात पसरले असते तर दोन्ही भिंतींना लागले असते. झोपायला दगडी ओटा. वर, डोक्याच्याही वर, खिडकी. ओट्यावर चढून बघता येत होतं. मी चढलो.

"काय दिसतं?" अक्का खालून म्हणाली.

"पत्रे."

"आणि?"

"आणखी पत्रे. त्याच्यापुढे भिंत."

"रस्ता?"

"नाही."

ती ओट्यावर बसली. पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "बरं. तू जिंकलास."

इतकी वर्षं मी त्या शब्दांची वाट बघत होतो. ते आले आणि तोंडात माती गेल्यासारखं झालं. माय शेवटच्या आठवड्यात विचारत होती ते आठवलं. नाही हे उत्तर मी तिला तेव्हाच दिलं असतं तर बरं झालं असतं का, हेही मनात आलं. मी ओट्यावरून खाली उतरलो. शिपाई दारात घड्याळ बघत होता.

"दे तो कागद," अक्का म्हणाली. "आबांचं बोट लागलेली जागा तरी बघते."

तिला चित्र कुठलं दिसायला. ती उठून खिडकीच्या उजेडाखाली आली, दोन्ही हातांनी कागद वर धरला आणि डोळे बारीक करून भोक शोधायला लागली. "दिसलं," ती म्हणाली. "दिव्यासारखं दिसतंय. एवढंसं."

तिने कागद उलटा धरला होता. छापलेली बाजू उजेडाकडे, कोरी बाजू स्वतःकडे. मी म्हणणार होतो, अगं उलटं धरलंस. तोंड उघडलंसुद्धा. आणि तिच्या खांद्यावरून मला ते दिसलं.

जुना कागद पातळ झालेला. उन्हाच्या उजेडात सगळं चित्र मागून आरपार दिसत होतं. सगळ्या रेघा, साहेब, कुत्रं, ढग. आणि जिना उजवीकडे होता. आता मी चढून आलो तोच जिना, तिथंच. भोक उजवीकडून तिसऱ्या खिडकीला, आणि त्यातून ऊन येत होतं, जसं काही त्या एकाच खोलीत कुणी दिवा लावलाय.

मी दगडाचा माणूस. आयुष्यभर हेच केलं. समोर दिसतं तसं पत्र्यावर सरळ कोरलं की कागदावर ते उलटं उतरतं, हे माझ्या हाताइतकं कुणाला ठाऊक? कोरणाऱ्याने तुरुंग दिसला तसा सुलटा कोरला आणि छापताना डावं-उजवं फिरलं. खालच्या ओळी मात्र दुसऱ्या कुणी, अक्षरं कोरणाऱ्याने, शिस्तीत उलट्या कोरल्या असणार, म्हणून त्या सरळ आल्या. आणि मी, अक्षर सुलटं बघून, पान सुलटं मानून बसलो. एवढा मोठा कारागीर असं करील हे माझ्या मनाला शिवलंच नाही. आबांनी तर समोरच्या चित्रात जिना बघितला असणार, जिन्यापासून मोजलं असणार, आणि आपल्या खिडकीला बरोबर भोक पाडलं. ते बांधणारे. त्यांना डावं-उजवं लागत नव्हतं, जागा लागत होती.

"अक्का, ऊठ. ही खोली नव्हे."

"आता काय काढलंस?"

"जिन्याजवळची. चल."

शिपाई म्हणाला, "टैम हो गया चाचा. दुसरे लोगां खडे हैं."

अक्का त्याच्याकडे वळली. "बेटा, हम चालीस बरस से ऊपर रुके. तू पाँच मिनट रुक."

तो हसला आणि किल्ल्या वाजवत पुढे झाला.

जिन्याकडून तिसरी खोली. तशीच, पण ओटा दुसऱ्या भिंतीला. खिडकीखाली चढायला काही नाही. मी हात लावून बघितलं आणि हाताला दोन खोबणी लागल्या. भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर एक, त्याच्या वर एक. पायाची बोटं घालण्यापुरत्या. कुणी कोरल्या कोण जाणे, किती जणांचे पाय लागले कोण जाणे. आतून शिंपल्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. मी चप्पल काढली. सत्तावन्न वर्षांचा माणूस, शिपायाने मागून आधार दिला, आणि मी गजांना धरून वर गेलो.

भिंत खाली राहिली. रस्ता दिसला, रस्त्याचं वळण दिसलं. चिंच नव्हती, कधीच तोडली होती. तिच्या जागी पिवळा फोनचा बूथ आणि वर परदेशी थंड पेयाची पाटी. बूथमध्ये एक बाई फोन करत होती, एका कानात बोट घालून. तिच्या बांगड्या हिरव्या होत्या. कपाळाला आठ्या. ती कुणावर तरी रागावलेली होती, हेसुद्धा मला तिथून दिसत होतं.

मी किती वेळ लोंबकळलो ठाऊक नाही. कुठल्याही चित्रकाराने कधी न काढलेली बाजू मी बघत होतो. पलीकडची.

"अरे, बोल की," अक्का म्हणाली.

"दिसतं."

"काय दिसतं?"

"सगळं. माणसाच्या कपाळावरची आठी दिसते." मी खाली उतरलो, शिपायाकडे बघून म्हटलं, "ये मेरी बहन है. इनका सच था. मेरा झूट."

"ठीक है चाचा," तो म्हणाला. त्याला काय कळणार.

मला वाटलं अक्का हसेल. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तेही दिसलं असेल."

"काय?"

"पहारेकऱ्याने मायला ढकललं होतं ते. एका शुक्रवारी. रस्त्यावर बसली होती ती, डबा सांडला होता. तुला आठवत नसेल. मायने मला शपथ घातली होती की आबांना सांगायचं नाही."

आबा उठून बाहेर का जायचे ते मला त्या क्षणी कळलं. हो म्हणाले असते तर तेही बघितल्याचं सांगावं लागलं असतं. दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती, मरेपर्यंत.

"मी कुठं होतो तेव्हा?" मी विचारलं.

"तिथंच. तू कसला बघतोस. तू भिंतीकडे पाठ करून उभा राहायचास. म्हणायचास, दिसत नाही तर कशाला बघायचं. दहा वर्षांचा होतास पण हट्ट असा की मायने मान धरून वळवलं तरी वळायचा नाहीस."

मला ते आठवत नव्हतं. पण खोटंही वाटलं नाही. मी तसाच आहे.

खाली उतरताना तिने माझा हात धरला. अंगणात आल्यावर म्हणाली, "डोळ्यांचं करून घेईन म्हणते. पाडायच्या आत ही जागा एकदा नीट बघायला हवी होती, पण ते आता राहिलं. तू बघितलंस ना."

तिला दिलसुखनगरला सोडून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि अड्ड्यावरून पहिल्या बसने तुरुंगापाशी गेलो. वळणावर, फोनच्या बूथला टेकून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि उजवीकडून तिसरी खिडकी मोजून काढली. आत मजूर आलेले होते. बूथवाला शटर उघडत म्हणाला, "किसका रस्ता देखरैं चाचा?" मी म्हटलं, "किसीका नै." मान दुखायला लागली तरी मी तासभर तसाच उभा होतो.